ग्रामर बरोबर आहे, तरी गाइड म्हणतात इंग्रजी बसत नाही – मग शिकायचं काय?

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की शाळा बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात मराठी मीडियमची, डिग्रीपासून इंग्रजी, आता बॉटनीत एम.एस्सी., प्रोजेक्ट खानापूरकडच्या गावांत वापरल्या जाणाऱ्या औषधी वनस्पतींच्या सर्व्हेचं, आणि गाइडनी ड्राफ्टवर लिहून दिलंय की ग्रामर ठीक आहे पण इंग्रजी बसत नाही. तू विचारतेयस की व्होकॅब्युलरी वाढवू का ग्रामरचं पुस्तक परत काढू. माझं उत्तर, दोन्ही नको. तू टाकलेले दोन्ही पॅरेग्राफ मी नीट वाचले, त्यात चुकीचा शब्द जवळपास नाहीच, काळ बरोबर, ए-ॲन-द पण बऱ्यापैकी जागेवर. बिघडल्यात त्या जोड्या, म्हणजे कुठल्या शब्दाशेजारी कुठला शब्द बसतो ते.

तुझीच वाक्यं घेऊया. 'वी मेड अ सर्व्हे', 'वी टुक आउट द कन्क्लूजन', 'देअर वॉज अ बिग डिफरन्स', 'वी डिस्कस्ड अबाउट द युजेस', आणि ते 'व्हिलेजर्स मेक काढा अँड ड्रिंक'. सगळं कळतं, कुणालाही कळेल. पण तुझ्या विषयातले लोक सर्व्हे 'कंडक्ट' करतात किंवा 'कॅरी आउट', कन्क्लूजन 'ड्रॉ' करतात, आणि डिस्कसला अबाउट लागत नाही. मी बेळगावात बरीच वर्षं कॉलेजला इंग्रजी शिकवतेय, एम.एस्सी., पीएच.डी.च्या पोरापोरींचे ड्राफ्ट तपासून देते, आणि मराठी मीडियममधून आलेल्या हुशार मुलांचं गाडं बहुतेक इथंच अडतं, स्पेलिंग आणि टेन्समध्ये नाही.

ही गोष्ट परकी नाही गं. मराठीत तू हे रोज करतेस आणि कुणी शिकवलेलं नाही. चहा कडक असतो, झोप गाढ, मैत्री घट्ट, धुकं दाट. 'मजबूत चहा' म्हणायला व्याकरणाची काही आडकाठी नाही, तरी कुणी म्हणत नाही. आपल्या गल्लीतले कन्नड घरातले लोक मराठी बोलताना 'जोर पाऊस आला' म्हणतात, आपल्याला अर्थ शंभर टक्के लागतो आणि हेही लगेच कळतं की ह्यांची घरची भाषा वेगळी आहे. तुझा ड्राफ्ट वाचताना गाइडना तेच होतंय. अशा जोड्यांना कोलोकेशन म्हणतात.

आता हे होतं कशामुळे ते बघ, कारण कारण कळलं की निम्मं काम झालं. बेळगावातल्या कुठल्याही कॉलेजच्या आवारात परीक्षेच्या दिवसात उभी राहा, मराठी मीडियमची मुलं म्हणणार 'आय गेव्ह द एक्झाम', कारण आपण परीक्षा देतो. कन्नड मीडियमची मुलं म्हणणार 'आय रोट द एक्झाम', कारण कन्नडात परीक्षा 'बरेयोदु', म्हणजे लिहायची. एकाच बाकावरची दोन मुलं, एकच पेपर, दोन क्रियापदं, दोन्ही घरून आणलेली. ब्रिटिश माणूस 'सिट' म्हणेल, अमेरिकन 'टेक' म्हणेल. 'राइट' तर कॅनडात आणि साउथ आफ्रिकेतही चालतं. पण 'गेव्ह अ टेस्ट' म्हटलं की बाहेरच्या वाचकाला वाटणार तू शिक्षिका आहेस आणि तू टेस्ट घेतलीस, म्हणजे अर्थच उलटा.

मराठीत आपली मोजकी क्रियापदं प्रचंड काम करतात. करणे, घेणे, देणे, काढणे, लावणे, ह्या पाचांवर अर्धा संसार चालतो. प्रयत्न करतो, चूक करतो, प्रगती करतो, प्रयोग करतो, अभ्यास करतो. इंग्रजीत ह्यातलं एफर्ट 'मेक', मिस्टेक 'मेक', प्रोग्रेस 'मेक', पण एक्सपेरिमेंट 'कंडक्ट' किंवा 'परफॉर्म', आणि रिसर्च मात्र 'डू' पण चालतं, 'कंडक्ट' पण. काढणे तर बघच. चित्र काढणं 'ड्रॉ', विहिरीतून पाणी काढणं 'ड्रॉ', निष्कर्ष काढणं पण 'ड्रॉ', इथं दोन्ही भाषा अगदी गळ्यात गळा घालून जातात. म्हणून मी वर्गात सांगते की निष्कर्षाला चित्रासारखंच धर, परत कधी 'टुक आउट' लिहिणार नाहीस. पण फोटो काढणं 'टेक', बँकेतून पैसे काढणं 'विथड्रॉ', चूक काढणं 'फाइंड फॉल्ट'. म्हणजे क्रियापदाचं भाषांतर करून चालत नाही. नाम काय आहे ते बघायचं आणि त्या नामाला विचारायचं की बाई तुला कुठलं क्रियापद लागतं. माझं सगळं उत्तर खरं म्हणजे एवढंच आहे, पुढचं सगळं ते कसं करायचं ह्याबद्दल.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं आहे असं समजू नको. ह्या गोष्टीचा पहिला मोठा अभ्यासच मुळी परक्या विद्यार्थ्यांना शिकवताना झाला, हॅरॉल्ड पामर टोकियोत इंग्रजी शिक्षणाचं काम करत होते, त्यांनी १९३३ मध्ये इंग्रजी कोलोकेशनवर रिपोर्ट काढला. पुढं ज्या जे. आर. फर्थनी भाषाशास्त्रात ही कल्पना रुजवली तेसुद्धा १९२० च्या दशकात लाहोरला पंजाब युनिव्हर्सिटीत इंग्रजीचे प्रोफेसर होते. अलीकडं नाद्या नेसेलहाउफ ह्यांनी चांगलं इंग्रजी येणाऱ्या जर्मन विद्यार्थ्यांचे निबंध तपासले तर क्रियापद-नाम जोड्यांतल्या चुकांपैकी साधारण निम्म्या चुकांत मातृभाषेचा हात दिसला. आणि जर्मन तर इंग्रजीची सख्खी चुलत बहीण. इस्राएलमधल्या हिब्रू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांवर २०११ मध्ये लॉफर आणि वाल्डमन ह्यांचा अभ्यास आला, त्यातही हेच, की लेव्हल वाढली तरी ह्या चुका जात नाहीत. तेव्हा मराठी मीडियममध्ये शिकले म्हणून असं झालं हे डोक्यातून काढून टाक, मी हे मनापासून सांगतेय. इंग्लिश मीडियमची मुलं पण 'डिस्कस अबाउट' आणि 'कोप अप विथ' लिहितात, मी रोज बघते.

नेसेलहाउफ ह्यांचं अजून एक निरीक्षण मला फार उपयोगी वाटतं. ज्या जोड्या एकदम पक्क्या बांधलेल्या असतात त्या आपण पाठ करतो, तिथं चुका कमी होतात. आणि ज्या मोकळ्या आहेत, म्हणजे 'कलेक्ट' प्लांट्स, सीड्स, डेटा, काहीही, तिथं पण कमी. गोची मधल्यांत होते. 'परफॉर्म' हे टेस्टला चालतं, ऑपरेशनला चालतं, ॲनालिसिसला चालतं, म्हणून आपण खुशाल 'परफॉर्म अ कन्क्लूजन' लिहून मोकळे होतो. तेव्हा वही करायची तर ह्या मधल्यांची कर.

आता जी गोष्ट तुझ्या गाइडनी लिहिली नाही पण मला तुझ्या ड्राफ्टमध्ये चुकांपेक्षा जास्त खटकली ती सांगते. दोन पॅरेग्राफमध्ये 'व्हेरी इम्पॉर्टंट' आणि 'प्लेज अ व्हायटल रोल' किती वेळा आलंय ते तूच मोजून बघ. ह्यात चूक काहीच नाही, म्हणून कुणी लाल पेन लावत नाही, पण वाचणाऱ्याला कंटाळा तिथं येतो. डरंट आणि श्मिट ह्या दोघांनी २००९ मध्ये हे छान दाखवलं, की इंग्रजी ज्यांची दुसरी भाषा आहे ते लोक 'गुड एक्झाम्पल' सारख्या सगळीकडं सापडणाऱ्या जोड्या भरपूर वापरतात, पण 'डेन्सली पॉप्युलेटेड' सारख्या, म्हणजे ज्यात एक शब्द आला की दुसरा जवळपास ठरलेला, अशा जोड्या कमी वापरतात. फ्रेंच बोलणाऱ्या विद्यार्थ्यांवर सिल्व्हियान ग्रेंजर ह्यांचं काम आहे, त्यांचे विद्यार्थी पण 'कम्प्लीटली' आणि 'टोटली' सगळीकडं चिकटवत होते. यष्टीनं रोज जाणारा माणूस जशी ठरलेली खिडकीच धरतो तसं आपण ओळखीची जोडी सोडत नाही, कारण तिथं पडायची भीती नाही. पण तू 'क्लोजली रिलेटेड स्पीशीज', 'वाइडली डिस्ट्रिब्युटेड', 'लोकली ॲबंडंट', 'ट्रॅडिशनली युज्ड' ह्या जोड्या आणल्यास की गाइडना पहिल्याच पानावर फरक जाणवेल. ह्या काही अवघड शब्दांच्या नाहीत, सगळे शब्द तुला येतातच.

मग करायचं कसं. मोठं कोलोकेशनचं पुस्तक आणून ए पासून पाठ करू नको. तुझ्या विषयाचे चांगले पाच-सहा पेपर घे, औषधी वनस्पतींचे, पश्चिम घाटावरचे असतील तर उत्तमच, आणि ते आता माहितीसाठी वाचायचे नाहीत. फक्त मेथड्स सेक्शन उघड आणि नामांखाली रेघ मार, मग त्या प्रत्येक नामाचं क्रियापद वहीत लिही, आख्खं, फॉर्मसकट. तुला काय मिळेल ते मी आत्ताच सांगू शकते. 'सेमी-स्ट्रक्चर्ड इंटरव्ह्यूज वेअर कंडक्टेड'. 'इन्फॉर्म्ड कन्सेंट वॉज ऑब्टेन्ड'. 'व्हाउचर स्पेसिमेन्स वेअर डिपॉझिटेड' अमुक हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात. तुझा तो काढा करून पितात, तो 'अ डिकॉक्शन ऑफ द बार्क इज टेकन ओरली' होईल. पाला वाटून लेप लावतात, ते 'द लीव्ज आर ग्राउंड इंटु अ पेस्ट अँड अप्लाइड टु द वूंड'. बघ, अप्लाय आणि लावणे इथं जुळले. असं जुळलं की तेही लिहून ठेव, मराठी प्रत्येक वेळी आडवी येते असं नाही, कित्येकदा हात देते.

एक सूचना 'बिग डिफरन्स' बद्दल. त्याचं 'सिग्निफिकंट डिफरन्स' करून टाकू नको, सगळे तेच करतात. सायन्समध्ये सिग्निफिकंट म्हणजे तू स्टॅटिस्टिकल टेस्ट लावलीयस आणि त्यातून निघणारा आकडा, म्हणजे पी व्हॅल्यू, तुझ्याकडं आहे. टेस्ट नसेल तर 'मार्क्ड' किंवा 'कन्सिडरेबल' लिही. तसंच मराठीत आपण सहज लिहितो 'यावरून असे सिद्ध होते की', आणि त्याचं तू 'इट इज प्रूव्ह्ड दॅट' केलंयस. गावातल्या लोकांच्या मुलाखतींवरून काही प्रूव्ह होत नसतं, तिथं 'द रिझल्ट्स सजेस्ट दॅट' किंवा 'इंडिकेट दॅट'. इथं जोडी चुकली की नुसतं इंग्रजी नाही, तुझा दावाच चुकतो, आणि परीक्षक तो धरतात.

साधनं फुकट आहेत. 'स्केल' (SkELL) नावाची साइट आहे, स्केच इंजिनवाल्यांची, लॉगिन लागत नाही, मोबाइलवर चालते. त्यात 'कन्क्लूजन' टाक आणि वर्ड स्केच उघड, त्या नामाबरोबर येणारी क्रियापदं, विशेषणं सगळी रांगेत दिसतात. शंका आली तर गूगल स्कॉलरमध्ये दोन्ही जोड्या अवतरण चिन्हात घालून शोध, 'ड्रॉ अ कन्क्लूजन' आणि 'टेक आउट अ कन्क्लूजन', कुठल्याला किती पेपर येतात ते बघ, आकडा काटेकोर नसतो पण दोघांतला फरक डोळ्यात भरतो. मँचेस्टर युनिव्हर्सिटीची ॲकॅडेमिक फ्रेजबँक आहे, ती लिखाणाच्या कामाप्रमाणं लावलेली आहे, ओळख करून देणं, रिझल्ट सांगणं, मर्यादा सांगणं, असं. आणि ॲकरमन व चेन ह्यांची २०१३ ची ॲकॅडेमिक कोलोकेशन लिस्ट आहे, २,४६९ जोड्यांची. चांगली आहे, पण त्यात मोठा भाग विशेषण-नाम असल्या जोड्यांचा आहे, क्रियापद-नाम कमी, आणि आपली गाडी तर क्रियापदातच रुतते. त्यामुळं स्वतःच्या वहीला पर्याय नाही.

तू शेवटी विचारलंयस की पेपरातून असे तुकडे घेतले तर प्लेजरिझम होईल का, मैत्रिणीनं घाबरवलंय म्हणून. 'द रिझल्ट्स ऑफ धिस स्टडी सजेस्ट दॅट' हे कुणाच्या मालकीचं नाही. यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत, त्यात सरसकट वापरले जाणारे जेनेरिक शब्दप्रयोग सिमिलॅरिटीतून, म्हणजे दुसऱ्यांच्या मजकुराशी जुळणाऱ्या भागाच्या मोजणीतून, वगळायला सांगितलेत, आणि सामान्य ज्ञानाचे किंवा योगायोगानं जुळलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडेही त्यात धरत नाहीत. दहा टक्क्यांपर्यंतच्या सिमिलॅरिटीला दंडही नाही. पण सांगाडा घ्यायचा, मांस नाही, म्हणजे दुसऱ्याचं निरीक्षण, दुसऱ्याचा युक्तिवाद त्याच्याच वाक्यात उचलला तर ती चोरीच, चौदा शब्द असोत का सात.

आणि हात जोडून सांगते, सिमिलॅरिटी कमी करायला ते पॅराफ्रेज करून देणारं सॉफ्टवेअर वापरू नको. बेळगावात झेरॉक्सच्या दुकानापासून कुणीही हे सुचवतं आणि चांगल्या थिसिसचं वाटोळं होतं. ती सॉफ्टवेअर शब्दाला शब्द बदलतात आणि जोडी मोडतात. २०२१ मध्ये गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापून आलेल्या पेपरांतून असले प्रकार शोधून काढले, 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस', 'ब्रेस्ट कॅन्सर' चं 'बुझम पेरिल', 'बिग डेटा' चं 'कोलॉसल इन्फर्मेशन'. अशा मोडक्या जोड्यांवरूनच आता खोटे पेपर पकडले जातात. तुझं 'मेड अ सर्व्हे' त्यापेक्षा हजारपटीनं बरं, ते निदान तुझं प्रामाणिक आहे.

आता एक बाजू राहिली जी शिक्षक सहसा सांगत नाहीत. भारतात रुळलेली प्रत्येक जोडी चुकीची नसते. आपल्या शेजारी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री ह्यांच्या पुढाकारानं भारतीय इंग्रजीचा कॉर्पस, म्हणजे अभ्यासासाठी गोळा केलेल्या मजकुराचा साठा, तयार झाला, १९७८ मध्ये छापलेल्या मजकुराचे ५०० नमुने, प्रत्येकी साधारण दोन हजार शब्द, एकूण दहा लाख शब्द. इथून तास-दोन तासांच्या अंतरावर झालेलं काम, आणि जगभरचे संशोधक ब्रिटिश-अमेरिकन इंग्रजीशी तुलना करायला ते वापरतात. आपलं इंग्रजी पण एक इंग्रजी आहे ह्याचा तो धडधडीत पुरावा. 'थ्रो लाइट ऑन' जुन्या ब्रिटिश लिखाणात आहे, 'टेक अ डिसिजन' ब्रिटिश लोक म्हणतात. तेव्हा गाइडनी असं काही खोडलं तर नम्रपणे विचारायला हरकत नाही. पण पेपर बाहेरच्या जर्नलला पाठवायचा असेल तर तिथल्या वाचकाच्या सवयीप्रमाणं लिहायचं. बाजारात गिऱ्हाईक बघून मराठी किंवा कन्नड बोलणं आपण बेळगावकर लहानपणापासून करतो, त्यात कमीपणा वाटून घ्यायचं काही कारण नाही.

राहिला व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. लिहिण्याची आणि बोलण्याची जोड्यांची वही वेगळी ठेव, हे फार जणांना माहीतच नसतं आणि मग ती प्रेझेंटेशनला थिसिस घडाघडा म्हणतात. डग्लस बायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिव्हर्सिटीतली लेक्चर्स तपासली तेव्हा दिसलं की वर्गात बोलणारे प्रोफेसर गप्पांतले तुकडे आणि पुस्तकी तुकडे दोन्ही मिसळून वापरतात, आणि एकूण तयार तुकडे तर पुस्तकांपेक्षा कितीतरी जास्त. कारण उघड आहे, बोलताना विचार करायला वेळ नसतो, तयार तुकडा जिभेवर असला की तेवढ्यात पुढचं वाक्य डोक्यात जुळतं. म्हणून 'इफ यू लुक ॲट धिस टेबल', 'व्हॉट आय मीन इज', 'द रीझन वी चोज दीज व्हिलेजेस इज दॅट', 'ॲज फार ॲज आय नो', एवढे तुकडे मोठ्यानं बोलून तोंडात बसव, आरशासमोर नको, मैत्रिणीसमोर बस आणि तिला मध्येच प्रश्न विचारायला सांग. तिची घरची भाषा कन्नड असेल तर अजून बरं, कारण तुमचं मराठी-कन्नड दोघींचंही मदतीला येणार नाही असं ठरवता येईल आणि तिच्या चुका तुला, तुझ्या तिला लगेच ऐकू येतील. प्रश्न कळला नाही तर 'व्हॉट?' किंवा 'अगेन' म्हणू नको, 'कुड यू प्लीज रिफ्रेज द क्वेश्चन' म्हण. आणि उत्तर येत नसेल तर 'वी डिड नॉट लुक ॲट दॅट इन धिस स्टडी' हे एक वाक्य पक्कं करून ठेव, परीक्षकांना ते चालतं, गप्प बसलेलं चालत नाही.

ह्या आठवड्यात एवढंच कर, मेथड्सचा एक पॅरेग्राफ घे, त्यातल्या नामांखाली रेघ मार, प्रत्येकाचं क्रियापद स्केलवर तपास आणि दुरुस्त केलेला पॅरेग्राफ जुन्याच्या शेजारी ठेवून गाइडना दाखव. डिस्कशन चॅप्टरला त्यानंतरच हात लाव, तिथं 'सजेस्ट', 'इंडिकेट' ची भानगड जास्त आहे आणि तिला वेळ लागतो.